होडीची चार मिनिटं

"चार मिनिटं होडी नुसती खाडी ओलांडते, खेळणाऱ्याला करायला काहीच नाही. लोक कंटाळतात गं," म्हणत भागीदाराने आमच्या गेमवरच्या तक्रारी माझ्यासमोर ठेवल्या.

"बाकी सगळं लोक म्हणाले तसं बदललं. एवढी होडी राहू दे." मी अक्षरशः हात जोडले.

"आवडली म्हणणारा एक तरी दाखव."

सगळ्या प्रतिक्रिया मी दोनदा वाचल्या. असा एकही सापडला नाही. शेवटी होडी मीच काढून टाकली.

नवी आवृत्ती लोकांपर्यंत गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी एका खेळणाऱ्याचा मेल आला.

"आमचे बाबा होडी वल्हवायचे. आता अंथरुणाला खिळलेत. रोज संध्याकाळी त्यांना तेवढी होडीच लावून द्यायचो. कालपासून ती दिसत नाही आणि त्यांनी जेवण सोडलंय. आधी कधी लिहिलं नाही, कारण तक्रार नव्हती."