पाचवा कामगार

“पाचवा कुठे आहे?” अधिकारी बाईंनी विचारलं.

ब्रशच्या कारखान्यात सगळ्यांचे हात एकदम थांबले. फळ्यांना भोकं पाडणारा मिस्त्री, त्या भोकांत केस ओढणाऱ्या दोघी बहिणी आणि तयार ब्रश कातरून गठ्ठे बांधणारी म्हातारी, असे चौघे आपापल्या बाकावर होते. खिडकीजवळच्या बाकावर हिशेबनीस बसले होते, मांडीवर अर्धा ओढलेला ब्रश घेऊन. पण हिशेबनिसाला कामगारांत कोण धरतं?

मालकीणबाईंचा चेहरा उतरला. सासऱ्यांनी उभा केलेला हा कारखाना नवऱ्यामागे त्या एकट्या रेटत होत्या. सरकारने नवी योजना काढली होती. शाळांना आणि दवाखान्यांना लागणारे ब्रश छोट्या कारखान्यांकडूनच घ्यायचे. अट एकच, हाताने माल बनवणारे निदान पाच कामगार हवेत. काम मिळालं तर कारखाना तरणार होता. नाही मिळालं तर महिनाअखेर शेड रिकामी करायची, हे ठरून गेलं होतं. अर्ज केला तेव्हा पाच होते. मग पाचव्याचे डोळे अधू झाले आणि गेल्याच आठवड्यात तो काम सोडून लेकीकडे राहायला गेला. हातातोंडाशी आलेला घास असा निसटत होता.

हिशेबनीस खाली मान घालून तार ओढत राहिले. हा त्यांचा इथला जुना शिरस्ता. तरणेताठे असताना ते पहिल्यांदा आले, तेव्हा थोरल्या मालकांनी कागद बाजूला सारले होते. “आधी एक ब्रश ओढ. मग आकड्यांना हात लाव.” भोकातून तारेचा फास वर काढायचा, त्यात केसांची चिमूट ठेवायची आणि खालून खेचायचं. बघायला सोपं. तो पहिला ब्रश इतका गळला, की थोरले मालक म्हणाले, “याने फरशी घासली तर मागून झाडू घेऊन एक माणूस ठेवावा लागेल.” सगळा कारखाना खो खो हसला. हिशेबनीसही हसले, पण मनातून पेटले. तेव्हापासून दर आठवड्याच्या खेपेला आधी ब्रश, मग आकडे.

काय दिवस होते ते! बाकं भरलेली असायची, खिडकीजवळच्या जागेसाठी भांडणं व्हायची. हात चालायचे तशी तोंडंही चालायची, आणि त्या गप्पांतच हिशेबनिसांना कारखाना कळायचा. तार हलकी आली की कुणी सांगायच्या आधी बोटांना समजायचं. एकदा थोरले मालक कर्ज काढून मोठं यंत्र घ्यायला निघाले. हिशेबनिसांनी त्यांना अडवलं आणि बाटल्या धुण्याच्या ब्रशांचं काम धरायला लावलं. ज्यांनी यंत्रं घेतली ते बुडाले, हे तरले. “वर्षाअखेरीला उगवणारा हिशेबनीस म्हणजे मयताला आलेला पाहुणा,” थोरले मालक म्हणायचे. “रडतो चांगलं, पण उपयोग काय?” त्यांची आठवण आली की हिशेबनिसांना अजून भरून यायचं.

आज मात्र त्यांची शेवटची खेप होती. तसं त्यांनी घरी कबूल केलं होतं, आणि बायकोने गच्चीत कुंड्याही मांडून ठेवल्या होत्या.

मालकीणबाई त्यांच्याजवळ येऊन वाकल्या. “काका, हजेरी तुम्हीच लिहिता. त्याचं नाव राहू द्या ना. रजेवर आहे म्हणू.”

“जो माणूस नाही, तो मी कधी लिहिला नाही, सूनबाई.”

“कारखाना गेला तरी?”

“गेला तरी.”

मालकीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हातारीने तर तोंडावरच सुनावलं, “जन्मभर आमच्यात बसलात, आणि वेळ आली तशी पाठ फिरवलीत!” ते शब्द हिशेबनिसांना फार लागले.

अधिकारी बाई अवघडल्या. “ही अट घालणाऱ्यांत मीही होते,” त्या म्हणाल्या. “नुसता फलक लावून कामं लाटणारे खूप आहेत, म्हणून घातली. तुमच्यासारख्यांचा विचारच झाला नाही. मी वर लिहीन, पण ते मंजूर होईपर्यंत...” त्यांनी वाक्य तसंच सोडलं आणि पिशवी उचलली.

हिशेबनिसांनी शेवटची चिमूट खेचली, तारेला गाठ मारली आणि ब्रश त्यांच्यापुढे धरला. “हा ओढून बघा.”

बाईंनी एक चिमूट धरून ओढली. मग दुसरी, जोर लावून. एक केस निघाला नाही.

“अटीत वयाचं काही आहे?” हिशेबनिसांनी विचारलं.

बाईंनी क्षणभर आठवून पाहिलं. “नाही. हाताने काम करणारा हवा, आणि रोज येणारा.”

“मग मला लिहा.”

म्हातारीने पदर तोंडाला लावला. अधिकारी बाई हसल्या आणि त्यांनी खरंच लिहून घेतलं.

मालकीणबाईंना हसावं की रडावं ते कळेना. “अहो काका, या वयात रोज कशाला याल? नाव आहे तेवढं पुरे. हजेरी काय, तुमच्याच हातात आहे.”

हिशेबनिसांनी खिशातलं पेन काढून त्यांच्या हातावर ठेवलं.

“रोज येणार. आणि हिशेबाला उद्यापासून दुसरा माणूस बघा, सूनबाई. स्वतःची हजेरी स्वतः लिहिणाऱ्या कामगारावर मी आजवर कधी विश्वास ठेवलेला नाही.”