दोन बाटल्यांचा रू

जन्म, लग्न आणि मरण यांत लबाडी खपून जाते, पण रूमध्ये खपत नाही, असं क्लोविस व्हरेट गेली चाळीस वर्षं बायूच्या दलदलीकाठच्या सगळ्यांना बजावत आला होता. आज दुपारपर्यंत त्याने दोन रू जाळून कुंपणापलीकडे फेकले होते.

रूसाठी तेल आणि पीठ बिडाच्या पातेल्यात मंद आचेवर, हात न थांबवता, जुन्या तांब्याच्या नाण्याचा रंग येईपर्यंत ढवळायचं. किती वेळ? घड्याळ लावून रू करणाऱ्याला या भागात कोणी मुलगी देत नाही. वेळ मोजायची ती बियरवर. दोन बाटल्या, सावकाश. दुसरी संपली की क्लोविस पातेलं बायकोच्या, अर्लीनच्या, हवाली करायचा आणि ओसरीवर जाऊन डोळे मिटायचा. रूवर शिजणाऱ्या गंबोच्या रश्श्याचं बाकीचं काम म्हणजे किरकोळ.

पण ईस्टरला अजून तीन आठवडे होते, आणि उपासाच्या चाळीस दिवसांसाठी त्याने बियर सोडली होती. पाद्रीबाबांना शब्द देताना रूचा विचार डोक्यात आला नव्हता. सकाळी त्याने कॉफीवर वेळ मोजून पाहिली. ती गरम, दुसरा कप संपायच्या आत रू करपला. मग लिंबाचं सरबत. ते घटाघट संपलं, रू पांढराच, आणि पुढे किती थांबायचं याचा अंदाज करता करता तोही गेला.

"आता काय पितोयस?" कोळंबी सोलता सोलता अर्लीनने विचारलं.

"ताक."

"म्हणजे झालंच. उघड एक बाटली. देव काही म्हणणार नाही."

"देव नाही म्हणणार. आल्सिड म्हणेल."

आल्सिड त्याचा थोरला भाऊ. सहा वर्षांपूर्वी याच टेबलाशी, सगळ्या गोतावळ्यासमोर, आल्सिड आपल्या घरी बरणीतला तयार रू वापरतो हे उघडकीला आलं होतं. "बरणीतला रू खाणाऱ्याने स्वतःला व्हरेट म्हणवून घेऊ नये," असं क्लोविस म्हणाला होता. आल्सिडने चमचा खाली ठेवला, टोपी घातली, आणि पुन्हा या घराची पायरी चढला नाही. परवा त्याचा फोन आला. डॉक्टरांनी काहीतरी सांगितलं होतं. काय, ते त्याने सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "तुझ्या हातचा गंबो खायचाय." आज तो येणार होता.

क्लोविस ढवळत होता. एक डोळा पातेल्यात, एक खिडकीबाहेर रस्त्यावर. ताकाचा ग्लास उचलला, ठेवला. पुन्हा उचलला. बाहेर ट्रकचं दार आपटलं. त्याने मान वळवली. वळवून परत आणेपर्यंत पातेल्यात काळे ठिपके उठले होते.

पिठाच्या डब्यात तळाशी मूठभरच पीठ उरलं होतं.

अर्लीनने हात पुसले. फडताळातल्या मेणबत्त्या आणि बॅटऱ्या बाजूला सारून तिने मागून लाल झाकणाची एक बरणी काढली.

"हे काय? आपल्या घरात?"

"वादळासाठी ठेवलीय. रस्ते बंद झाले तर." शेजारच्या पातेल्यात खेकड्यांचं पाणी उकळत होतं, तिने त्यात डावभर तपकिरी गोळा सोडला. "तू ओसरीवर जा. तासभर त्याला बोलण्यात गुंतव."

"काय बोलू?"

"सहा वर्षांचं साठलंय की."

ते कोळंबीच्या भावाबद्दल बोलले. मग डिझेलच्या भावाबद्दल. डॉक्टरांबद्दल कोणीच बोललं नाही. क्लोविसच्या कपड्यांना करपट वास येत होता. आल्सिडने दोनदा हवा हुंगली आणि शेजारी काही जाळतायत का, असं विचारलं.

टेबलाशी आल्सिड टोपी न काढताच बसला. उपासातला शुक्रवार म्हणून मांस वर्ज्य, मासळी चालते. बिचाऱ्यांना कोळंबी, खेकडे आणि कालवांवरच भागवायचं होतं. आल्सिडने चमचा भरला. क्लोविस ताटलीकडे बघत राहिला. ताटली त्यांच्या आईची होती.

आल्सिडने गिळलं. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"हाच," तो म्हणाला. "शेवटचा इथे खाल्ला होता ना, अगदी तसाच. एका चमच्याचाही फरक नाही. तेव्हा राग आला होता रे मला. पण तुझं बरोबर होतं. बरणीतल्याला ही चव नाही."

क्लोविसने तोंड उघडलं.

"भात घे," अर्लीन म्हणाली आणि त्याच्या ताटलीत भात वाढला.

आल्सिडने दुसऱ्यांदा मागून घेतलं. तिखटाची बाटली आणायच्या निमित्ताने क्लोविस आत गेला. बरणी दिसता कामा नये होती. त्याने ती शर्टाखाली धरली, मागच्या दाराने शेडमध्ये गेला आणि फळीवर त्याचे गळ, खिळे आणि वायसर ठेवायला अर्लीनने वर्षानुवर्षं धुऊन दिलेल्या रिकाम्या बरण्यांच्या रांगेत ती सरकवून दिली.

वेगळी ओळखू येईना. रांगेत तशाच लाल झाकणाच्या एकोणीस होत्या.