ताटलीतली सुपारी

सुपारीची ताटली समोर आली आणि भिवाजींचा हात आपसूक पुढे गेला. कोणी काही पुढे केलं की ते घ्यायचं, एवढंच त्यांना आयुष्यात नीट जमलं होतं.

"घ्या अप्पा," विपुल म्हणाला.

विपुल लग्नाचा सगळा कारभार ठेक्याने घ्यायचा. कशेळ्याच्या बाजारात त्याचं ऑफिस होतं. करारावर सही नंतर. आधी गिऱ्हाइकाने ताटलीतली सुपारी उचलायची. उचलली की ठरलं. मग कोणी मागे फिरत नसे.

भिवाजी मात्र नकार द्यायला आले होते. त्यांच्या मुलीला, अक्षदाला, लग्न घरच्या अंगणात हवं होतं. मोहोपाड्याच्या जावयालाही तेच हवं होतं. विपुलच्या बेतात नवरी क्रेनवरून खाली येणार होती, धुरातून. "मला नाय लटकायचं," अक्षदा म्हणाली होती. "तुमी जा न् सांगा त्याला. गोड बोलून सांगा. पण सुपारी उचललीत तर मी वर आणि तुमी खाली, बघत बसा मग."

नकाराच्या बाबतीत भिवाजींची ख्याती अशी, की घरात पाणी शुद्ध करायची तीन यंत्रं होती आणि पाणी विहिरीचं पीत होते. चौथं यंत्र घेऊन आलेल्याला अक्षदाने फाटकातूनच परत पाठवलं, म्हणून तीनवर निभावलं. त्यांची सगळी नोकरी कर्जतच्या एका वाचनालयात गेली. तिथे कोणी मागितलेलं पुस्तक नसलं, तर ते स्वतःच्या घरचं आणून देत. परवा सलूनवाल्याने विचारलं, मिशा काळ्या करू का? डोक्यावर कापूस आणि नाकाखाली डांबर, अशा थाटात ते आज नकार द्यायला बसले होते.

जीपमधून येताना त्यांनी वाक्य जुळवलं होतं. 'आपल्या सौजन्याबद्दल आम्ही ऋणी आहोत, तथापि...' तथापिपर्यंत वाक्य उत्तम होतं. पुढे कशेळं आलं.

"विपुलशेठ, आपल्या सौजन्याबद्दल आम्ही ऋणी आहोत," त्यांनी सुरुवात केली.

विपुल ऐकत राहिला. याचं भिवाजींना नवल वाटलं. गेल्या आठवड्यात घरी आला होता तेव्हा त्याने कोणाला मधे बोलू दिलं नव्हतं. आज तो हाताची घडी घालून गप्प बसला होता. पाढे म्हणायला उभ्या केलेल्या पोराकडे मास्तर बघतात, तसा बघत होता.

"तथापि," भिवाजी म्हणाले, आणि थांबले. सुपारी त्यांच्या बोटांत होती. कधी उचलली, त्यांनाही कळलं नव्हतं.

झालं. पोरगी क्रेनवर चढली. वाचनालयाच्या शिडीवर दुसऱ्या पायरीलाच रडू लागणारी पोरगी. तेव्हा तिला खाली उतरवून घेणारे तेच होते, आणि आज वर चढवणारेही तेच.

"नाय," ते म्हणाले. सुपारी ताटलीत ठेवली. ती घरंगळून टेबलावर गेली, म्हणून उचलून पुन्हा नीट ठेवली. "नाय रं बाबा. लग्न आमी अंगणातच करणार."

मग ते माफी मागायच्या तयारीत बसले. पण विपुल रागावला नाही. "बरं अप्पा," एवढंच म्हणाला आणि चहा मागवला. चहात साखर फार होती. भिवाजींनी तो सगळा प्यायला. एका दिवसात माणसाने सुधारायचं तरी किती?

घरी अक्षदा ओट्यावर सुपात तांदूळ निवडत होती. भिवाजींनी तिला सगळी हकीकत सांगितली. मग पुन्हा सांगितली. तिसऱ्या खेपेला त्यांनी विपुलच्या टेबलावर हातही आपटला.

"माहीत हाय," अक्षदा म्हणाली. "विपुलचा फोन आला होता. आधी सुपारी उचललीत म्हणे."

भिवाजींचा आवाज एकदम उतरला. "त्याने तुला कशाला फोन केला?"

"मीच करायला सांगितला होता. त्याला मी सोमवारीच नाय म्हणून कळवलं, अप्पा. म्हटलं, तरी आमचे अप्पा येतील. त्यांना घाई करू नको. बोलू दे."

भिवाजी काळ्या मिशांवरून हात फिरवत राहिले. "मग मला पाठवलंस कशाला?"

तिने सुपातला खडा वेचून अंगणात टाकला. वर बघितलं नाही.

"मी मोहोपाड्याला गेल्यावर दारात आलेल्याला नाय कोण म्हणणार?"