कूलरची जागा

रिताने पेटती उदबत्ती नव्या खिडकीच्या चारही कडांवरून हळूहळू फिरवली. धूर कुठेच हलला नाही, सरळ वर गेला. बाहेर पवनीचं मे महिन्याचं ऊन माणसाला भाजून काढत होतं, पण दुहेरी काचेच्या आत त्याची झळ पोचत नव्हती.

तपासणीला आलेले इंजिनिअर कैलाश हटवार खूश झाले. उन्हापासून घरं वाचवायचा नवा नियम कडक होता. खिडकीच्या फटीतून वारा आत शिरला की घर नापास. वसाहतीतल्या चाळीस घरांच्या जुन्या चौकटी बदलायच्या होत्या, आणि हे पहिलं घर पास झालं तरच बाकीचं काम रिताला, डोमा सुताराच्या या लेकीला मिळणार होतं. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"सारं बेस आहे जी," घरमालकीण आनंदाबाई दारातून म्हणाल्या, "पण मी कूलर कोठी लावू?"

नियमात कूलर नाही, असं साहेबांनी सांगून टाकलं.

रिता गप्प बसली असती तर सही झालीच होती. पण गप्प बसणं तिला कधी जमलंच नव्हतं. तिने खालच्या दोन पितळी खिट्ट्या फिरवल्या आणि खिडकीचा खालचा भाग काचेसकट उचलून हातात घेतला. बरोबर कूलरच्या तोंडाएवढी जागा मोकळी झाली. तिथून गरम वारा भसकन घरात घुसला.

हटवारांचा चेहरा पडला. निघणारी काच म्हणजे फट, आणि फट म्हणजे नापास. आपले हात बांधलेले आहेत, असं ते म्हणाले.

रिताने त्यांना अंगणात नेलं. काढलेली जुनी चौकट भिंतीला टेकून उभी होती. कूलर बसवायला तिचे खालचे दोन गज करवतीने कापलेले होते. माप घ्यायला ती चाळीसही घरी फिरली होती आणि घरोघरी तिने हेच पाहिलं होतं.

"साहेब, मी जागा नाही ठेवली तं लोकं छन्नी घेऊन स्वतः करतीन," ती म्हणाली. "मंग ती फट कोनाच्यानं बुजन? माही खिडकी कूलर काढला का पुन्हा बंद होते. लावून पाहा."

हटवारांनी तिला तो भाग दहा वेळा काढून लावायला सांगितला. रिताने पदर खोचला. दर वेळी तिने खिट्ट्या आवळल्या, दर वेळी साहेबांनी स्वतः उदबत्ती धरली. दहाव्या खेपेला ती घामाने निथळत होती, आणि धूर पहिल्यासारखाच सरळ होता. साहेबांनी पुन्हा पेन हातात घेतलं. मग कागदावर रकाना नव्हता तिथे त्यांनी आपल्या हाताने कूलरच्या जागेची एक ओळ लिहिली आणि खाली सही केली.

रिता हत्यारं आवरत होती. तेवढ्यात आनंदाबाईंनी खाटेखालून फडक्यात गुंडाळलेली छन्नी आणि हातोडा काढून तिच्यापुढे धरला.

"जाता जाता शेजारच्या शकुनबाईले देऊन दे वो," त्या म्हणाल्या. "कालच मांगून आणली होती."