तपासणीपुरत्या गोळ्या

लोखंडी तुळयांचा भारा आठव्या मजल्याच्या वर आला आणि क्रेनवाल्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्याने लिव्हर मधोमध आणून धरून ठेवला. काचेपलीकडे भारा हवेत लोंबकळत हळूच गिरकी घेत होता. त्याच्या जवळच, उघड्या स्लॅबवर, माणसं माना वर करून उभी होती.

"दाजी, झोप लागली का?" वॉकीटॉकी खरखरला. स्लॅबवरून इशारे देणारा त्याचा मेहुणाच होता. "का देखावा बघताय वरून? खाली सोडा की जरा!"

मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं.

क्रेनवाला हसला नाही. केबिनची काच तापली होती, पण मानेवरून ओघळणारा घाम थंडगार होता. सकाळी तर सगळं झकास झालं होतं. दोन्ही क्रेनवाल्यांची वर्षाची तपासणी होती. डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा बघितला आणि मान डोलावली. "वा! रोजची गोळी चुकवत नाही म्हणायचं तुम्ही."

रक्तदाबाची ती रोजची गोळी त्याने वर्षभरात एकदाही घेतली नव्हती. दुखत नाही, खुपत नाही, मग रोज उठून औषध कशाला, असं त्याचं म्हणणं. बायको सांगून सांगून थकली होती. तपासणीच्या दिवशी मात्र तो पहाटे चहाबरोबर दोन गोळ्या एकदम घ्यायचा आणि बिनधास्त दंड पुढे करायचा. यंदा खात्री असावी म्हणून तीन घेतल्या. औषध पट्टा सुटल्यावरही अंगात उरतं, दाब उतरवत राहतं, आणि तोवर आपण शिडी चढून इथे येऊन बसलेलो असतो, एवढा पुढचा विचार त्याने केला नव्हता.

कानांत बारीक शिट्टी वाजू लागली.

हात सोडला की ब्रेक लागतो, हे त्याला झोपेतही ठाऊक होतं. पण शुद्ध हरपलेला माणूस हात सोडतोच असं नाही. तो पुढे कोसळला, तर सगळ्या अंगाचा भार लिव्हरवर पडणार. आणि लिव्हर पुढे गेला, की भारा थेट खाली.

"दाजी?" मेहुण्याच्या आवाजातली मस्करी संपली. "मशीन बिघडलंय का?"

त्याचा अंगठा बटणावर गेला आणि तिथेच थांबला. या वॉकीटॉकीवर कानगोष्ट होत नसे. एक शब्द बोललं की तो सगळ्या कामावर ऐकू जायचा, मुकादमाच्या खोलीतसुद्धा. चक्कर हा शब्द तोंडातून गेला की केबिन गेली. इतकी वर्षं तो वर बसला होता. खाली उभं राहून करायचं असं त्याला काही येत नव्हतं.

"मशीन ठीक आहे," तो म्हणाला. जीभ जड झाली होती.

"मग आणा ना खाली! हे बघा, मी स्वतः उभा राहतो. माझ्या हातात द्या."

पिवळं हेल्मेट दोन पावलं सरकलं. आता ते बरोबर भाऱ्याखाली होतं. मेहुण्याने लहान मूल झेलायला करावेत तसे दोन्ही हात वर केले.

क्रेनवाल्याने लिव्हर बोटभर पुढे रेटला. त्याच क्षणी काचेच्या कडा काळ्या पडत आत आत येऊ लागल्या. भारा हिसका देऊन हातभर खाली गेला. खालून ओरडा उठला. त्याने दात आवळून लिव्हर मागे ओढला.

"सरक तिथनं!" तो बटण दाबून किंचाळला. "सगळे बाजूला व्हा! मशीन नाही रे, मी बिघडलोय. चक्कर येतेय मला. तपासणीसाठी सकाळी तीन गोळ्या एकदम घेतल्यात. वर्षभर एकसुद्धा नाही घेतली."

स्लॅब बघता बघता रिकामा झाला.

"लिव्हर सोड," मुकादमाचा आवाज आला. तो ओरडत नव्हता, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. "सोडलास? आता डोकं गुडघ्यांत घाल आणि तसाच बस. वर माणूस पाठवतो."

"मीच निघालोय!" मेहुणा धापा टाकत म्हणाला. शिडीचं लोखंड वाजत होतं. "दाजी, जागचे हलू नका हं. तुम्हाला काही झालं तर ताईला काय तोंड दाखवू मी?"

ब्रेकचा खटका बसला. रिकाम्या स्लॅबवर भारा एकटाच गिरकी घेत राहिला. क्रेनवाल्याने कपाळ गुडघ्यांना टेकवलं. आता शिव्या पडणार, म्हणून तो कान देऊन बसला.

वॉकीटॉकी पुन्हा खरखरला. हा आवाज मुकादमाचा नव्हता, मेहुण्याचाही नव्हता.

"मी बोलतोय," तो चाचरला. "पलीकडच्या क्रेनवरून. माझ्याखालची माणसंही बाजूला घ्या."