सोन्याचं औषध

सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांनी कॅन्सरच्या पेशींची वाढ मंदावते, अशी शिवानीच्या संशोधनाची बातमी सोलापूरच्या पेपरात आली. ती ऐकून अव्वानं गळ्यातली बोरमाळ काढून लेकीच्या हातात ठेवली. “नंदीशला ह्याचं औषध कर.” शिवानीच्या ह्या धाकट्या भावाच्या कॅन्सरपुढं डॉक्टरांनी हात टेकले होते. “अव्वा, हे अजून काचेच्या बशीतच चालतं. माणसाला द्यायला लई वर्षं लागतील.” “मग आजच लाग की कामाला!” आतून नंदीशचा खोल गेलेला आवाज आला, “घे गं अक्का. तिचं मन मोडू नको.” शिवानीनं माळ घेतली. त्या दिवशी अव्वा पोटभर जेवली. पुढच्याच आठवड्यात नंदीश गेला. पाहुणे पांगल्यावर शिवानीनं माळ परत दिली. अव्वानं एकेक मणी चाचपला. एकही कमी नव्हता. मान वर न करता तिनं विचारलं, “वापरलीच न्हाईस व्हय?”