ओळ तीनशे अठरा

“चूक शेवटच्या ओळीतच आहे, ताई. व्हॅलिडेटर काय खोटं बोलतो?” शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला. बडबडीमुळे सगळे त्याला पोपट म्हणत.

तासभर तो तीच ओळ खोडून पुन्हा लिहीत होता. फाइल तपासणाऱ्या त्या प्रोग्रामची लाल अक्षरं हलायला तयार नव्हती. तीन वाजता इस्पितळाच्या नव्या वॉर्डात पहिले पेशंट येणार होते, आणि ऑक्सिजनचे अलार्म कुठे, कधी वाजायचे हे सांगणारी एक्सएमएल फाइल यंत्रणा घेतच नव्हती.

दहा महिन्यांच्या रजेनंतर ती आजच कामावर आली होती. साहेबांच्या टेबलावर तिच्या बदलीचा कागद तयार होता. नोंदणीची खिडकी, हलकं काम. “बाळ लहान आहे, झेपायचं नाही तुम्हाला,” ते सकाळी म्हणाले होते. सही संध्याकाळी.

“तुम्ही आपला चहा सांगा, ताई. दहा महिन्यांत गंज चढला असेल.”

“सरक.”

ती खुर्ची ओढून बसली. रडणारं पोर दुखतं तिथे बोट ठेवत नाही, हे आता तिला पक्कं ठाऊक होतं. व्हॅलिडेटरचंही तसंच. तो ओरडतो शेवटी, पण बंद न केलेला टॅग, म्हणजे सूचनेभोवतीचा कंस, कुठेतरी वरच राहून गेलेला असतो. तिने फाइलची प्रत केली. एकेका खोलीचा भाग वेगळा काढून तपासायला घेतला. पहिली खोली चोख. दुसरी चोख. सातवी लाल! ओळ तीनशे अठरा. टॅग उघडला होता, मिटलाच नव्हता. तिने तो मिटला आणि अख्खी फाइल पुन्हा तपासली. हिरवी खूण आली. पाठोपाठ वॉर्डातून फोन, “चाचणीत वाजले अलार्म!”

तीनला दहा मिनिटं कमी होती.

“शाबास,” मागे उभे असलेले साहेब म्हणाले. “पण हे अर्धवट सोडलं कोणी? तपासल्याशिवाय फाइल ठेवायची नाही, हा इथला पहिला नियम.”

वॉर्डाचं बांधकाम चालू असतानाच ही फाइल लिहून ठेवली होती. आजवर तिला कोणी हात लावला नव्हता. तिने ती ओळ कोणी लिहिली याची नोंद काढली. नाव, तारीख, वेळ.

पोपट कानाशी कुजबुजला, “बंद करा ते, ताई. मी सांभाळून घेतो.”

“चूक माझी आहे, साहेब.” तिची मान ताठ होती. “तारीख वाचा.”

साहेबांनी चष्मा लावला. वाचता वाचता थबकले.

“या दिवशी तर चाकाची खुर्ची मीच ढकलत नेली तुमची. याच टेबलापासून बाळंतिणींच्या वॉर्डापर्यंत!”

“हो. ओळ अर्धी झाली होती.”

साहेब आपल्या टेबलाशी गेले. बदलीचा कागद उचलून त्यांनी त्याची बारीक घडी केली आणि खिशात टाकली.

“आणि लेक?”

“ती बिनचूक आहे, साहेब.”